बॅटरीवरचा सम्प पंप घ्यायचाय? आधी खड्डा मोजा

पुढच्या मोठ्या पावसात बेसमेंटमध्ये उतरा, सम्प पिटचे, म्हणजे घराच्या पायाभोवतीचे पाणी जिथे गोळा होते त्या खड्ड्याचे, झाकण काढा आणि पाणी किती वेगाने चढते ते घड्याळ लावून बघा. पंप केवढा घ्यायचा, बॅटरी एक पुरेल की दोन, या प्रश्नांची उत्तरे त्या खड्ड्यात आहेत, खोक्यावर छापलेल्या आकड्यांत नाहीत. मध्य न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींकडे मी बरेच बॅकअप पंप, म्हणजे मुख्य पंप बंद पडला की बॅटरीवर पाणी उपसणारे पंप, पाहिले, काही बसवायला हातभारही लावला. पाणी मोजून पंप घेतलेले घर मात्र क्वचितच सापडते.

मी वाढले सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. अण्णांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते. शेतकरी नवी मोटार घ्यायची म्हणून सल्ला विचारायला आला, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "हेड किती? डिलिव्हरी किती इंची?" म्हणजे पाणी किती उंच चढवायचे आणि ते बाहेर नेणारा पाइप केवढा. एचपीचे बोलणे त्यानंतर. बेसमेंटच्या खड्ड्यालाही हाच क्रम लागू पडतो, म्हणून त्याच क्रमाने सांगते.

त्याआधी, बॅकअप कशासाठी हवा हे डोक्यात स्पष्ट असू द्या. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी चक्रीवादळ धडकले तेव्हा मोठा प्रश्न विजेचा होता. कित्येक घरांत आठवडाभर आणि त्याहूनही जास्त दिवस वीज नव्हती. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस आला तेव्हा प्रश्न पाण्याचा होता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच, म्हणजे ८० मिलिमीटर पाऊस पडला. गणपती १० सप्टेंबरला बसणार होते, त्यामुळे मखराचे सामान कित्येकांनी बेसमेंटमध्येच काढून ठेवलेले होते. बॅटरी पंप आयडासारख्या रात्रीसाठी असतो: काही तास, फार तर एखादा दिवस. सँडीसारखा आठवडा निभवायचा तर जनरेटर लागतो. बॅटरीकडून आठवड्याची अपेक्षा ठेवून पैसे घालू नका.

आता मोजमाप. न्यू जर्सीत आढळणारे बरेचसे पिट १८ इंच व्यासाचे असतात. अशा पिटमध्ये पाणी एक इंच चढले की साधारण १.१ गॅलन जमले. व्यास २४ इंच असेल तर एका इंचाला जवळपास दोन गॅलन. पंप पाणी उपसून थांबला की त्याचा प्लग काढा, भिंतीलगत टेप उभी धरा आणि एका मिनिटात पाणी किती इंच चढले ते लिहून घ्या. लगेच प्लग परत लावा. हे विसरू नका. समजा १८ इंची पिटमध्ये मिनिटाला पाच इंच चढले. म्हणजे साडेपाच गॅलन, तासाला ३३०. याहूनही जोराचा पाऊस येईल म्हणून हे दुप्पट धरा, म्हणजे ६६०. तुमच्या पंपाने तासाला किमान इतके पाणी बाहेर टाकायला हवे.

पण कुठल्या उंचीवर? इथे हेड येते. खड्ड्यातल्या पाण्यापासून पाइप सर्वांत वर जिथे वळतो तिथपर्यंतची उभी उंची मोजा. बेसमेंटमध्ये ती सात-आठ फूट भरते. प्रत्येक एल्बो (पाइपाचे वळण) आणि आडव्या पाइपचे घर्षण धरून दहा फूट समजा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा बऱ्याचदा शून्य फुटांचा असतो, म्हणजे पाणी वर चढवायचेच नाही असे धरून काढलेला. तुम्हाला दहा फुटांचा आकडा हवा. तो खोक्याच्या बाजूला किंवा मॅन्युअलमधल्या तक्त्यात मिळतो. दोन हजार गॅलनचा म्हणून विकलेला पंप दहा फुटांवर हजारावर आलेला दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका. आपल्या उदाहरणात दहा फुटांवर हजार गॅलन देणारा पंप पुरेसा आहे.

बॅकअपचे तीन प्रकार बाजारात दिसतात. एक, १२ व्होल्टचा स्वतंत्र पंप, त्याची बॅटरी आणि चार्जर. दोन, इन्व्हर्टर, जो तुमचा नेहमीचाच पंप बॅटरीवर चालवतो. तीन, नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारा पंप. तिसऱ्याला बॅटरी लागत नाही. पण साधारण दोन गॅलन उपसायला एक गॅलन पिण्याचे पाणी जाते, खड्ड्यातले पाणी नळाच्या पाण्यात उलटे शिरू नये म्हणून बॅकफ्लो प्रिव्हेंटर बसवावा लागतो, आणि घराला स्वतःची विहीर असेल तर वीज गेल्यावर तोही बंद. इन्व्हर्टर आपल्या ओळखीचा असल्यामुळे बरेच जण तिकडे वळतात. माझे मत पहिल्या प्रकाराला आहे. बेसमेंट तुंबायला दर वेळी वीजच जावी लागते असे नाही. मुख्य पंपाचा फ्लोट, म्हणजे पाणी चढले की पंप सुरू करणारा तरंगता स्विच, अडकतो, मोटार जळते, इम्पेलरमध्ये (पाणी फेकणाऱ्या चक्रात) खडा बसतो. अशा वेळी इन्व्हर्टर बंद पंपाला वीज देत राहील आणि पाणी चढत राहील. खड्ड्यात दुसरा पंप असेल तर तो स्वतःच सुरू होतो. इन्व्हर्टरच घ्यायचा असेल तर प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी वीज देणारा) घ्या आणि मोटार सुरू होतानाचा करंट धरून घ्या. अर्ध्या एचपीचा पंप चालताना हजार वॅटच्या आसपास घेतो, सुरू होताना त्याच्या दुपटीपेक्षाही जास्त मागतो.

बॅटरीचा हिशोब घरी करता येतो. १२ व्होल्टचा पंप साधारण १५ अँपिअर घेतो असे धरा. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला १५ ने भागले की साडेसहा तासांहून थोडे जास्त येतात, पण तेवढे मिळत नाहीत. बॅटरीवर लिहिलेली क्षमता बहुधा २० तास हळूहळू वापरण्याच्या हिशोबाने काढलेली असते. करंट जोरात ओढला की ती कमी भरते. सलग चालवल्यास पाच तास धरा. आता आपले ३३० गॅलन आणि पंपाचे हजार: पंप एक तृतीयांश वेळच चालेल, म्हणजे बॅटरी पंधरा तास पुरेल. ६६० ला ती साडेसात तासांवर येते. खोक्यावरचे 'इतके दिवस चालेल' हे वाक्य पंप कितीतरी मिनिटांनी एकदाच चालेल असे गृहीत धरून लिहिलेले असते. तुमचा खड्डा तसा आहे का, ते आता तुम्हाला माहीत आहे.

गाडीची बॅटरी लावू नका. ती क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते. पूर्ण उतरवली की तिच्या पातळ प्लेटा खराब होतात. डीप सायकल, म्हणजे बराच वेळ हळूहळू उतरवायला बनवलेली बॅटरी हवी. पाण्याची बॅटरी स्वस्त पडते. लोडशेडिंगच्या दिवसांत गावी इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घातलेल्यांना तिची निगा सांगायला नको. ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती गॅसच्या वॉटर हीटरपासून आणि फर्नेसपासून लांब, हवा खेळेल अशा जागी ठेवा. एजीएम बॅटरी सीलबंद असते, पाणी घालायची कटकट नाही, पैसे जास्त. दर दोन-तीन महिन्यांनी झाकणे उघडून बघणे आपल्याकडून होणार नाही असे वाटत असेल तर सरळ एजीएम घ्या. लिथियम हलकी आणि टिकाऊ, पण किटचा चार्जर तिला चालतो असे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेले असेल तरच.

बसवायला एक सुट्टीचा दिवस पुरतो, आणि तो दिवस कोरडा निवडा. मुख्य पंपाचा प्लग काढा, पिटमधला गाळ आणि खडे उपसून टाका. बॅकअप पंप मुख्य पंपापेक्षा थोडा वर बसवायचा असतो, विटेवर किंवा किटसोबतच्या ब्रॅकेटवर. त्याचा फ्लोट मुख्य पंप सुरू होतो त्या पातळीच्या वर हवा, म्हणजे मुख्य पंप ठणठणीत असताना बॅकअपला काम पडत नाही. फ्लोट हाताने वर-खाली करून बघा. भिंतीला घासतो का, दुसऱ्या पंपाच्या वायरीत अडकतो का? दोन पंप एका खड्ड्यात आले की हीच भानगड सर्वांत जास्त होते. वायरी झिप टायने पाइपला बांधून टाका.

पाइपाबद्दल माझा आग्रह आहे: जमत असेल तर बॅकअपची डिलिव्हरी वेगळी काढा, भिंतीतून वेगळ्या भोकाने बाहेर. जानेवारी-फेब्रुवारीत बाहेरचा पाइप गोठला किंवा पानांनी तुंबला तर एकाच पाइपावरचे दोन्ही पंप निकामी होतात. वेगळा काढणे शक्यच नसेल तर वाय (इंग्रजी Y च्या आकाराचा जोड) जोडा. पण मग दोन्ही पंपांना आपापला चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवा, आणि तो वायच्या खाली. नाहीतर बॅकअपने उचललेले पाणी मुख्य पंपाच्या पाइपातून परत खड्ड्यात उतरते आणि पंप तेच पाणी गोल गोल फिरवत बसतो. चेक व्हॉल्व्हवरचा बाण वरच्या दिशेला आहे ना, ते पीव्हीसी चिकटवायचे सिमेंट लावण्याआधी बघा.

दीड इंची पीव्हीसी कापला की आतली खरखरीत कड सँडपेपरने काढा, कोरडाच बसवून खूण करा, मग जांभळा प्रायमर, मग सिमेंट. सांधा पाव फेरी फिरवून अर्धा मिनिट दाबून धरा. चेक व्हॉल्व्ह रबरी कपलिंगचा घेतलात तर पुढे पंप बदलताना पाइप कापावा लागत नाही, नुसत्या क्लॅम्प सोडायच्या.

मग ते छोटे भोक. पंप आणि चेक व्हॉल्व्ह यांच्या मधल्या पाइपाला साधारण ३/१६ इंचाचे, म्हणजे पाच मिलिमीटरच्या आतले भोक पाडतात. व्हॉल्व्ह आणि पाणी यांच्यामध्ये हवा अडकली तर मोटार फिरते, पाणी उचलत नाही. शेतावर म्हणतात 'पंपाने हवा धरली'. या भोकातून ती हवा निघून जाते. ड्रिल तिरका धरा, म्हणजे पंप चालताना भोकातून उडणारी चिळकांडी खाली खड्ड्यात पडेल. ती चिळकांडी गळती समजून टेप गुंडाळलेली मी पाहिली आहे. तसे करू नका. काही पंपांना असे भोक कंपनीनेच दिलेले असते, तेव्हा मॅन्युअल आधी वाचा.

बॅटरी तिच्या डब्यात, जमिनीपासून उंच फळीवर. शिसे वजनाला भारी असते, त्यामुळे फळी मजबूत हवी. आधी लाल, मग काळी वायर. वायर अपुरी पडली म्हणून बारीक वायरचा तुकडा जोडू नका. १२ व्होल्टवर एक व्होल्ट वाटेत गळाला तरी पंपाचा जोर जाणवण्याइतका उतरतो. "बारीक वायर घातली की मोटार दमते," असे अण्णा म्हणायचे. किटमधला फ्यूज काढून थेट जोडणी तर कधीच नको. चार्जरचा प्लग मुख्य पंपापेक्षा वेगळ्या ब्रेकरवर लावा. पंपाने ब्रेकर पाडला तरी बॅटरी चार्ज होत राहील. तिथे दुसरा प्लग पॉइंट नसेल तर तो लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या, आणि परमिट लागते का ते टाउनशिपच्या कार्यालयात विचारा. घरात रेडॉनची (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू बाहेर काढणारी) यंत्रणा असेल तर पिटचे झाकण सीलबंद असते. काम झाल्यावर वायरी आणि पाइपांभोवतीच्या फटी सिलिकॉनने पुन्हा बंद करा.

बाहेर पाणी पायापासून निदान दहा फूट लांब आणि उताराकडे सोडा. शेजाऱ्याच्या अंगणात नको, आणि घराच्या सांडपाण्याच्या लाइनला तर मुळीच जोडू नका. बहुतेक ठिकाणी त्याला बंदी आहे.

चाचणी घेताना टेस्टचे बटण दाबून समाधान मानू नका. ते मोटार फिरते एवढेच दाखवते. मुख्य पंप आणि चार्जर, दोन्हींचे प्लग काढा आणि पाच गॅलनच्या बादल्या पिटमध्ये ओता. फ्लोट उचलला गेला पाहिजे, अलार्म वाजला पाहिजे, आणि घरातल्या दुसऱ्या कोणीतरी बाहेर उभे राहून पाणी खरेच पडतेय ना ते बघितले पाहिजे. पाणी ओतत दहा-पंधरा मिनिटे पंप चालवा आणि मग बॅटरीला थोडी विश्रांती देऊन मल्टिमीटर लावा. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी १२.६ च्या पुढे असते, १२ च्या आसपास आली की निम्मी किंवा त्याहून जास्त उतरली. एवढ्याशा कामाने ती १२ वर येत असेल तर बदलायची वेळ झाली आहे. ही चाचणी मार्चमध्ये बर्फ वितळण्याआधी आणि जूनमध्ये चक्रीवादळांचा मोसम सुरू होताना घ्याच. टर्मिनलवर पांढरट-हिरवे किटण आले तर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. बॅटरीवर मार्करने तारीख लिहा. चार-पाच वर्षे झाली की चालत असली तरी नवी घ्या.

विम्याचे कागदही याच दिवशी काढून बघा. साध्या होमओनर्स पॉलिसीत सम्प पंप बंद पडून आलेले पाणी सहसा धरलेले नसते. 'वॉटर बॅकअप' नावाची पुरवणी वेगळी घ्यावी लागते. पुराचा विमा त्याहून वेगळा. राष्ट्रीय पूर विमा योजनेतला विमा सहसा ३० दिवसांनी लागू होतो आणि बेसमेंटमधल्या सामानाला त्यात फारच मर्यादित संरक्षण आहे.

डिसेंबरात महिनाभर भारतात जाणाऱ्यांसाठी: वायफायवरून सूचना देणारा कंट्रोलर उपयोगाचा आहे, पण वीज गेली की राउटरही बंद पडतो, म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावा. किल्ली शेजारी ठेवा आणि निघण्यापूर्वी त्यांना खाली नेऊन अलार्म कसा वाजतो, कोणता प्लग कशाचा आहे आणि मुख्य पंपाचा फ्लोट अडकला तर काठीने कुठे ढोसायचे, हे प्रत्यक्ष दाखवा. दोन्ही प्लगांवर मोठ्या अक्षरांत नावे चिकटवा.