बूस्ट कमी झाला म्हणून घाबरू नका: सुपरचार्ज्ड गाडीच्या अपग्रेडमध्ये या चुका टाळा

नवा हेडर (इंजिनातून जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) चढवला, मोकळा सायलेन्सर लावला, आणि पहिल्याच फेरीत बूस्ट गेजचा (सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंप, जो दाब तयार करतो तो दाखवणारा) काटा १० ऐवजी साडेआठ पीएसआयवर (दाबाचं एकक) अडकला. मग सुरू होते धावपळ. बेल्ट बदलला जातो, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बदलला जातो आणि शेवटी हेडर बनवणाऱ्याचा उद्धार होतो. माझ्या एका मित्राने तर हा 'हरवलेला' दीड पीएसआय परत मिळवायला सुपरचार्जर जास्त वेगाने फिरवणारी लहान पुली बसवली. दीड पीएसआय आला, सोबत नॉकिंगही (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) घेऊन आला. गंमत म्हणजे त्याच्या गाडीत बिघाड नव्हताच. काटा खाली आला त्या दिवशी गाडी आधीपेक्षा जास्त ओढत होती.

बूस्ट गेज हवा मोजत नाही, हवेची कोंडी मोजतो. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू प्रकारचा सुपरचार्जर क्रँकवरून (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) बेल्टने फिरतो आणि दर फेऱ्याला ठरावीक घनफळाची हवा पुढे ढकलतो. इंजिनाने ती पटकन गिळली आणि जळलेला वायू पटकन बाहेर टाकला, तर मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणारी नळी) दाब साचत नाही. एक्झॉस्ट मोकळा केला की सिलिंडरमध्ये जुना वायू कमी उरतो, ताज्या हवेला जागा होते आणि दाब उतरतो. शिवाय सुपरचार्जरला कमी दाबाविरुद्ध काम करावं लागतं. त्यामुळे तो इंजिनाची ताकद कमी खातो आणि हवा कमी तापवतो. फायदा असा तिहेरी होतो, पण गेजवर दिसतं ते नुकसान.

अर्थात बूस्ट कमी होण्याला खरा बिघाडही कारण असू शकतो. फरक ओळखायला एमएएफ सेन्सरचा (आत येणारी हवा मोजणारा) लॉग, म्हणजे नोंद, पाहा. त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमला, जवळपास त्याच तापमानाला हवेचा प्रवाह ग्रॅम प्रति सेकंदात किती होता आणि आता किती आहे? बूस्ट उतरला आणि प्रवाह तेवढाच राहिला किंवा वाढला, तर चहा प्या आणि गाडी चालवा. दोन्ही उतरले असतील, तर बेल्ट घसरतोय, बायपास व्हॉल्व्ह (दाबलेली हवा परत मागे वळवणारी झडप) पूर्ण बंद होत नाहीये किंवा कुठेतरी गळती आहे. बेल्ट घसरण्याची खूण म्हणजे वरच्या आरपीएमला बूस्टचा आलेख अचानक खाली कलतो, पुलीभोवती काळी रबराची पूड दिसते आणि बेल्टचा आतला भाग आरशासारखा चकाकतो. सेंट्रिफ्यूगल (पंख्यासारख्या चक्राने हवा फेकणाऱ्या) सुपरचार्जरमध्ये हे ओळखणं सोपं, कारण तिथे बूस्ट आरपीएमबरोबर चढतच जायला हवा. मध्येच सपाट झाला की संशय बेल्टवर. बायपासच्या बाबतीत आधी त्याची व्हॅक्यूमची रबरी नळी पाहा. ती तडकते, आणि लोक तिच्यापायी अख्खा सुपरचार्जर उतरवतात.

टर्बोवाल्यांचा सल्ला सुपरचार्जरला लावणे

टर्बोच्या गाडीत हवा दाबणारा पंप बेल्टने नाही, तर जळलेल्या वायूच्या जोरावर फिरतो, आणि एक्झॉस्टच्या वाटेतला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे खुद्द टर्बाइन, त्या वायूने फिरणारं चक्र. म्हणून तिथे 'आधी डाउनपाइप (टर्बोच्या लगेच मागची नळी), शक्य तितका जाड' हा सल्ला बरोबर ठरतो. टर्बाइनच्या मागचा दाब जितका कमी, तितका टर्बो लवकर जागा होतो. सुपरचार्जरच्या गाडीत टर्बाइनच नाही. तिथला एक्झॉस्ट एखाद्या मोठ्या, भुकेल्या साध्या इंजिनासारखा वागतो. एका सिलिंडरचा स्पंद दुसऱ्याला ओढून घेतो, त्यामुळे हेडरच्या नळ्यांची लांबी आणि त्या जिथे एकत्र येतात तो कलेक्टर यांना महत्त्व असतं. मागचा सायलेन्सर बदलून आवाज बदलेल, पण ताकद बहुतेक वेळा हेडर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट, धूर शुद्ध करणारा भाग) यांच्याच टापूत दडलेली असते. अडचण पुढे आणि खर्च मागे, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आवाजाचाही फरक लक्षात घ्या. टर्बाइन आवाजाचा बराच भाग गिळून टाकते. टर्बोच्या गाडीवर सुसह्य वाटणारा सायलेन्सर सुपरचार्ज्ड गाडीवर डोकं उठवू शकतो. व्हिडिओत ऐकून सायलेन्सर निवडू नका. निवडायचाच असेल तर निदान तुमच्याच इंजिनाच्या गाडीचा ऐका.

'थोडं बॅकप्रेशर लागतंच' आणि 'जितका जाड तितका चांगला'

ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून ऐकली आहेत, तीही एकाच संध्याकाळी. इंजिनाला बॅकप्रेशर (एक्झॉस्टमध्ये अडून साचणारा दाब) कधीच हवं नसतं. त्याला हवा असतो वायूचा वेग, म्हणजे स्पंदांचा ओढा टिकेल असा. अवाजवी जाड नळीत वेग पडतो आणि खालच्या आरपीएमचा पिकअप सुस्तावतो. सुपरचार्जर खालून बूस्ट देत असल्याने हा तोटा थोडा झाकला जातो. म्हणून थोडी मोठी नळी इथे माफ आहे, बेफाम मोठी नाही.

आकारांचा हिशोब व्यासावर नको, क्षेत्रफळावर करा. अडीच इंची नळीचं क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस इंच आणि तीन इंचीचं ७.१. म्हणजे अर्ध्या इंचाने वाट जवळजवळ ४४ टक्क्यांनी रुंदावते. पण अडीच इंचाच्या दोन नळ्या मिळून ९.८ होतात, एका तीन इंचीपेक्षा बऱ्याच जास्त. व्ही८ ला मूळचीच दुहेरी अडीच इंची एक्झॉस्ट असेल, तर ती दुहेरी तीन इंची करण्याआधी खरंच गरज आहे का ते मोजा. आणखी एक गोष्ट, वायू मागे जाताना थंड होऊन आकसतो. पुढचा भाग मोकळा आणि मागचा थोडा बारीक असला तरी चालतं, उलटं मात्र चालत नाही.

मोजायचं कसं? ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. कॅटच्या आधी एक छोटा बंग (आटे असलेलं तोंड) वेल्ड करून घ्या, त्यातून धातूची लांब नळी काढा म्हणजे रबर वितळणार नाही, आणि तिला साधा प्रेशर गेज लावा. मग डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) पूर्ण थ्रॉटलला शेवटच्या आरपीएमपर्यंत पाहा. एक-दोन पीएसआय दिसले, तर एक्झॉस्टवर पैसे घालून फार काही हाती लागणार नाही. पाच-सहा दिसले, तर अपराधी सापडला. तसाच दुसरा बंग कॅटच्या मागे घेतला की दोन आकड्यांतला फरक सांगतो की कोंडी कॅटची आहे की सायलेन्सरची.

कॅट आणि सेन्सर

कॅट काढून सरळ नळी टाकणं बहुतेक देशांत रस्त्यावरच्या गाडीसाठी बेकायदा आहे, आणि त्याची तशी गरजही नसते. मूळच्या ४००-६०० सेलऐवजी (दर चौरस इंचाला जाळीची भोकं) २०० सेलचा धातूच्या गाभ्याचा चांगला कॅट घेतला, तर अडथळा बराच कमी होतो. फार स्वस्त कॅट मात्र काही महिन्यांत हार मानतो आणि पी०४२० (कॅट नीट काम करत नाही) हा कोड घेऊन इंजिनाचा दिवा डॅशबोर्डवर मुक्कामाला येतो. इंधन फार रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) ठेवलं किंवा मिसफायर होत राहिलं, तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जळतं, आतली जाळी वितळते आणि ती स्वतःच बूच बनते. 'नवीन कॅट बसवल्यापासून गाडी वरच्या आरपीएमला जात नाही' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

नव्या हेडरचं गॅस्केट नीट बसलं नसेल आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल, तर स्पंदांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर म्हणतो 'लीन' (पेट्रोल कमी), ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल ओततो, आणि तुम्ही इंजेक्टरला दोष देता. थंड इंजिन चालू करताच येणारी टिक-टिक गरम झाल्यावर थांबत असेल, तर आधी हेडरचे नट तपासा.

पुली: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवी

मिनी कूपर एसच्या आर५३ पिढीत ईटनचा एम४५ सुपरचार्जर असतो. तिथे १५ टक्के लहान पुली इतकी रुळली आहे की लोक तिला अपग्रेड मानायलाही विसरतात. त्यामुळे सगळ्याच गाड्यांना ती चालते असा समज झाला आहे.

गणित करून पाहू. क्रँक पुली १८० मिमी आणि सुपरचार्जरची ७२ मिमी असेल, तर गुणोत्तर २.५. इंजिन ६,५०० आरपीएमला असताना सुपरचार्जर १६,२५० ला फिरतो. पुली ६० मिमी केली की तो १९,५०० ला जातो. प्रत्येक सुपरचार्जरला निर्मात्याने कमाल वेग ठरवून दिलेला असतो. तो न पाहता पुली विकत घेणं म्हणजे बेअरिंगवर जुगार. शिवाय लहान पुलीला बेल्टची मिठी कमी मिळते, म्हणून बेल्टही घसरायला लागतो.

पण खरा शत्रू उष्णता. समजा बाहेर २७ अंश आहे आणि जुन्या धाटणीचा रूट्स सुपरचार्जर ६० टक्के कार्यक्षमतेने सुमारे साडेसात पीएसआय देतो. हवा जवळजवळ ६० अंशांनी तापून ८८ च्या आसपास बाहेर पडते. आता पुली बदलून पावणेबारा पीएसआय केला आणि जास्त वेगामुळे कार्यक्षमता ५५ वर घसरली, तर हवा १२७ अंशांची होते. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) धरला नाही, तर गेजवर बूस्ट जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढला, पण हवेची घनता वाढली फक्त ८ टक्के. त्यातून सुपरचार्जर फिरवायला लागणारी जादा ताकद वजा करा. ही ताकद काही किरकोळ नसते. डॉजच्या हेलकॅटमधला २.४ लिटरचा सुपरचार्जर पूर्ण भारावर ८० च्या आसपास हॉर्सपॉवर खातो.

म्हणून इंटरकूलर आधी, पुली नंतर. पाण्यावर चालणारा इंटरकूलर असेल, तर त्याचा पंप फिरतोय का आणि सर्किटमध्ये हवा अडकली आहे का ते आधी बघा. अर्ध्याअधिक 'हीट सोक'च्या (सगळं तापून राहण्याच्या) तक्रारी तिथेच मिटतात. नव्या धाटणीचे सुपरचार्जर हवा कमी तापवतात. ईटनच्या एम मालिकेत रोटरला तीन पाती आणि ६० अंशांचा पीळ होता, त्याच कंपनीच्या नव्या टीव्हीएस मालिकेत चार पाती आणि १६० अंशांचा. पण तोही जादूगार नाही.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार

सुपरचार्जरच्या पुढे, म्हणजे हवेच्या तोंडाशी, एक पीएसआय अडला तर आत येणारी हवा जवळजवळ ७ टक्क्यांनी पातळ होते, आणि मागे कितीही दाबलं तरी तो तोटा भरत नाही. तरी लोक एअर फिल्टर, त्याची नळी आणि थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारी झडप) सोडून थेट एक्झॉस्टकडे धावतात. इथेही एक साधा व्हॅक्यूम गेज पुरतो.

उलट्या बाजूची चूक म्हणजे बॉनेटखालची तापलेली हवा पिणारा उघडा शंकू फिल्टर. आवाज झकास येतो, म्हणून लोक त्याला जोरदार समजतात. एमएएफ सेन्सरच्या घराचा व्यास बदलला, तर ईसीयूचा हवेचा हिशोबच चुकतो. तेल लावलेल्या फिल्टरला तेल जास्त झालं, तर ते सेन्सरच्या तारेवर बसतं.

पेट्रोल, प्लग आणि ट्यूनिंग

एक्झॉस्टने हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवं. लॉगमध्ये इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे दिसत असतील, तर पुढचं काहीही घेण्याआधी मोठे इंजेक्टर घ्या. इंधनाचा रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब राखणारा) मॅनिफोल्डच्या दाबाशी जोडलेला नसेल, तर १० पीएसआय बूस्टला इंजेक्टरवरचा खरा दाब १० ने कमी होतो, नेमका जेव्हा जास्त हवा असतो तेव्हा. वाइडबँड गेजशिवाय (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) हे काम करू नका. आणि मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) पाहा. एक बारचा सेन्सर बूस्ट वाचतच नाही, दोन बारचा साधारण १४ पीएसआयला टेकतो.

बूस्ट वाढवल्यावर प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्यावेत आणि गॅप, म्हणजे ठिणगीची फट, कमी करावी. इथे एक फसवी गोष्ट आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलटं. एका ब्रँडचा आकडा पाठ करून दुसऱ्याचा प्लग घेणारे आणि पिस्टन गमावणारे लोक आहेत.

डायनोचे आकडे ताडून पाहताना तोच डायनो, तोच गिअर, इंटरकूलर सारखाच थंड आणि निदान तीन फेऱ्या हव्यात. पहिली फेरी थंड इंजिनाची असते, तिचा प्रिंट फ्रेम करून लावणाऱ्यांना शुभेच्छा.

गुणगुण

काही सायलेन्सर शहरात सुंदर वाटतात आणि हायवेवर एका ठरावीक आरपीएमला कवटीत घुमतात. चार सिलिंडरचं इंजिन २,००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ६७ स्फोट करतं, व्ही८ १,८०० ला १२०. केबिन नेमकी त्याच वारंवारतेला थरथरते. लोक मग आणखी एक सायलेन्सर जोडतात, वजन वाढतं आणि गुणगुण तशीच. त्याऐवजी एका टोकाला बंद असलेली आडवी नळी जोडली, तर नेमकी तेवढीच वारंवारता दबते आणि मुख्य प्रवाहाला अडथळा होत नाही. १०० हर्ट्झसाठी ती साधारण १.२ मीटर लांब लागते, कारण गरम वायूत आवाज बाहेरच्या हवेपेक्षा बराच वेगाने धावतो. गाडीखाली तेवढी जागा आहे का, ते मात्र वेल्डरला बोलावण्याआधी मोजून घ्या.

त्या मित्राने अखेर जुनी पुली परत चढवली, हेडर तसाच ठेवला आणि एमएएफचे आधीचे-नंतरचे लॉग शेजारी लावून पाहिले. काटा साडेआठवरच थांबला. आता त्याने गेजच डॅशबोर्डवरून काढून टाकला आहे.