गाडी उचलायच्या आधी: लिफ्ट, मोठे टायर आणि क्राऊन-पिनियनची तयारी

मे संपत आला की नाशकात थार-जिप्सीवाल्यांची एकच घाई सुरू होते, पाऊस पडायच्या आत गाडी उचलून घ्यायची. थार तर इथेच आपल्या नाशिकच्या प्लांटमध्ये बनते, त्यामुळे प्रत्येक कॉलनीत दोन-चार उभ्या दिसतातच, आणि एकाने तेहतीस इंची टायर टाकले की बाकीच्यांना पण हवे असतात. हवे असण्यात काही चूक नाही. फक्त क्रम चुकवू नका एवढंच कळकळीने सांगायचंय, कारण बहुतेक लोक आधी लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) घेतात, मग त्या उंचीला शोभतील असे टायर घेतात आणि मग गाडी चढत का नाही म्हणून गॅरेज बदलत फिरतात. आधी रस्ता ठरवा, रस्त्यावरून टायर ठरवा, टायरवरून लिफ्ट, आणि टायरच्या आकड्यावरूनच गिअर.

तर पहिलं काम म्हणजे कागद घेऊन बसा आणि गाडी वर्षभरात खरंच कुठे कुठे जाणार ते लिहा. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात लाल चिखल, दगड आणि तीन हजार मिमीच्या आसपासचा पाऊस, निफाड-सिन्नरकडे काळी माती जी टायरच्या खाचांत अशी बसते की चाक नुसतं गुळगुळीत फिरत राहतं, आणि पेठ-सुरगाण्याकडे ओढे आणि घाट. काळ्या मातीत मड टेरेनचा (चिखलाच्या टायरचा) फायदा दिसतो, त्याच्या मोठ्या खाचा फिरता फिरता माती फेकून देतात. पण तोच टायर ओल्या कसारा घाटात डांबरावर ब्रेक मारताना ऑल टेरेनपेक्षा (सगळ्या रस्त्यांसाठीच्या टायरपेक्षा) जास्त घसरतो, आवाज करतो आणि लवकर झिजतो. आठवड्यातले सहा दिवस गंगापूर रोड ते अंबड एमआयडीसी आणि रविवारी एकदा भावली धरण असं असेल तर ऑल टेरेनच घ्या, यात कमीपणा काही नाही.

आता कायद्याचं, पैसे गुंतवायच्या आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असे बदल करता येत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तरही लेखीच घ्या, कारण अपघातानंतर सर्व्हेअर सगळ्यात आधी टायर आणि सस्पेन्शन बघतो. वॉरंटीतल्या गाडीचं वॉरंटी बुक पण नीट वाचा. मूळ टायर, स्प्रिंगा, शॉकअप, बोल्ट सगळं एका खोक्यात नावं टाकून जपून ठेवा, भंगारात देऊ नका. आणि ज्यांना खरंच मोठे बदल करायचेत त्यांनी एक जुनी गाडी फक्त ऑफरोडसाठी ठेवून ती ट्रेलरवर टाकून न्यावी, हा सगळ्यात सरळ मार्ग आहे असं माझं ठाम मत आहे.

टायरचा आकडा वाचायला शिका. २४५/७५ आर १६ म्हणजे रुंदी २४५ मिमी, बाजूची भिंत त्याच्या ७५ टक्के, रिम १६ इंची, हिशोब केला की व्यास साधारण ७७४ मिमी येतो. २८५/७५ आर १६ चा, म्हणजे तेहतीस इंचीचा, येतो ८३४. म्हणजे ६० मिमीचा फरक, पण डिफच्या (डिफरन्शियल, ॲक्सलच्या मधला गिअरचा डबा) गोळ्याखाली जागा मिळणार त्याच्या निम्मी, ३० मिमी. हे निम्मं कोणी सांगत नाही! आणि दुसरी गोष्ट, जिथे मागे सलग ॲक्सल आहे तिथे लिफ्ट किटने बॉडी आणि चासी वर जाते पण डिफ आहे तिथेच राहतो, दगडाला डिफ अडकत असेल तर तो फक्त टायरनेच वर जातो. लिफ्टचं मुख्य काम टायरला जागा करून देणं आणि पोट, पुढचा-मागचा बंपर वाचवणं. त्यामुळे ठरवलेल्या टायरला जेवढी जागा लागते तेवढाच लिफ्ट घ्या, एक इंच पण जास्त नको, कारण उंची वाढली की गाडीचा तोल वर जातो आणि सावळघाटाच्या वळणावर ते लगेच जाणवतं.

किती जागा लागते हे अंदाजाने ठरवू नका. एकच नवीन टायर आणा (ओळखीच्या कोणाचा तासभर मागून आणला तरी चालतो), सपाट जागेवर चासी स्टँडवर घ्या, त्या कोपऱ्यातली स्प्रिंग काढा, टायर बसवा आणि खालून जॅकने चाक बंप स्टॉपला (सस्पेन्शनचा वरचा रबरी अडसर) टेकेपर्यंत वर दाबा. मग स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मडगार्डचं प्लास्टिक, चासी, पुढचा बंपर, कुठे कुठे घासतंय तिथे खडूने खुणा करा. तासाभराचं काम आहे पण याच्यावरून कळतं की लिफ्ट हवाय, की नुसता बंप स्टॉप थोडा लांब करून भागतंय, की फक्त मडगार्डची कड कापली तरी पुरे. रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) पण इथेच तपासा. लेथवर करून घेतलेले व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) मात्र टाकू नका, अंबड-सातपूरला काय वाटेल ते बनवून मिळतं पण चाकाच्या स्टडवर प्रयोग नको.

लिफ्टचा प्रकार गाडीवर अवलंबून असतो. जिप्सीला चारही बाजूंना कमानी (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि दोन्हीकडे सलग ॲक्सल, तिथे कमानी ॲक्सलच्या वर घेतल्या की भरपूर उंची मिळते, पण वेल्डिंग नवीन होतं, पिनियनचा कोन बदलतो, स्टेअरिंगची रॉड तिरकी होते आणि रेस दिली की ॲक्सल पिळतो, म्हणून हे काम ज्याने आधी केलंय त्याच्याकडेच द्या. जुन्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आहे, तो कसून गाडीचं नाक वर करता येतं आणि सगळीकडे हेच करून देतात, पण त्याने स्प्रिंगचा प्रवास वाढत नाही, वर मिळालेली जागा खाली जाणाऱ्या प्रवासातून कापली जाते, गाडी कडक होते आणि खड्ड्यात चाक लवकर हवेत लटकतं. २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, तिथे फार उंच गेलात की सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) कोन वाढतो आणि त्याचे रबरी बूट फाटतात, दोन इंचाच्या आसपास थांबा. बॉडी लिफ्ट स्वस्त पडतो पण त्यात स्टेअरिंगचा शाफ्ट, रेडिएटरच्या पंख्याचं कव्हर, गिअरचे दांडे सगळं बघावं लागतं.

लिफ्ट बसला की गाडी घरी आणायच्या आधी गॅरेजमध्येच उभं राहून चाकं पूर्ण खाली लटकवायला लावा आणि ब्रेकच्या रबरी पाइपला हात लावून बघा, ताणलेला लागला तर लांब पाइप टाकल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ब्रीदर पाइप (डिफची हवा आत-बाहेर जायची नळी) पण तसाच. पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा धरून ठेवणारी दांडी) असेल तर ॲक्सल एका बाजूला सरकलेला असतो, दोन्हीकडून टेपने मोजा. अलाइनमेंटला नुसता टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) नाही, कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) पण विचारा, तो कमी झाला की वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि मुंबई हायवेला गाडी भटकते. ठराविक स्पीडला खालून थरथर येत असेल तर डिफपर्यंत ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या कोनाचा संशय घ्या.

आता गिअरिंग. लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच करतात आणि गाडीचा जीव इथेच जातो. टायर मोठा झाला की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, म्हणजे सगळे गिअर एकदम लांब झाल्यासारखे होतात. वरच्याच उदाहरणात फरक पावणेआठ टक्क्यांचा आहे, मीटरवर ८० दिसत असताना तुम्ही ८६ ने जात असता. एवढ्यावर टर्बो डिझेल थार निभावून नेते. पण २३५/७० आर १६ वरून म्हणजे ७३५ मिमीवरून तेहतीस इंचीवर उडी मारली तर फरक तेरा टक्क्यांच्या वर जातो, आणि जिप्सीच्या १.३ पेट्रोल इंजिनाला तर एवढा फरक झेपतच नाही, क्लच जळायला लागतो. सूत्र सोपं आहे, जुनं रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टचे किती फेरे ते) गुणिले नवीन व्यास भागिले जुना व्यास. समजा ४.१० आहे, तर ४.१० गुणिले ८३४ भागिले ७३५ म्हणजे ४.६५, त्याच्या जवळचं जे क्राऊन-पिनियन (डिफमधली गिअरची जोडी) तुमच्या डिफला मिळतं ते घ्यायचं, घाट आणि दगड जास्त असतील तर वरचं, हायवे जास्त असेल तर खालचं. जुन्या विलीज सीजे थ्री बी ला ५.३८ होतं, त्या उगाच नाही अशा कुठेही चढायच्या.

तुमच्या गाडीत आत्ता काय आहे हे माहीत नसेल तर पुढच्या चाकांना दगडाची उटी लावा, मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, गिअर न्यूट्रल, टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा, दोन्ही चाकं बरोबरीने दहा फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा, ४१ आले तर ४.१०. फोर बाय फोरला पुढचा आणि मागचा डिफ दोन्ही एकाच वेळी, एकाच रेशोचे बदलायचे. "आत्ता मागचा करू, पुढचा दिवाळीनंतर" असं अजिबात नाही, फोर व्हील टाकलंत की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) पिळून निघेल. हायवेला गाडी नीट ओढते पण दगडात फार पळते अशी तक्रार असेल तर क्राऊन-पिनियनला हात न लावता ट्रान्सफर केसचे लो गिअर बदलायचा विचार करा, जिप्सीवाले हे करतात.

डिफ बसवणारा मिस्त्री दातांना रंग लावून ठसा बघतो का आणि डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजतो का हे आधीच विचारा. बॅकलॅश बऱ्याच डिफला ०.१५ ते ०.२५ मिमीच्या आसपास असतो पण नेमका आकडा त्या डिफच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. "हाताने कळतं आम्हाला" म्हणणारा कितीही अनुभवी असला तरी त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका. नंतर पहिला फेरा पंधरा-वीस किमी आरामात, मग डिफ पूर्ण थंड होऊ द्या, आठशे किमीपर्यंत लोड नाही, ओढकाम नाही, मग तेल बदला. डिफच्या प्लगच्या मॅग्नेटला बारीक काळी भुकटी चालते, चकत्या किंवा तुकडे दिसले तर गाडी परत उघडायची. आणि बदल करायच्या आधी एकदा चार माणसं घेऊन कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत घाट चढा, कुठे कुठला गिअर लागला ते लिहून ठेवा, काम झाल्यावर तेवढीच माणसं घेऊन पुन्हा चढा. गिअर नीट जुळलेत की नाही ते इथेच कळतं.

ब्रेक विसरू नका, मोठ्या जड टायरला थांबवायला जास्त जोर लागतो, निदान चांगले पॅड आणि नवीन ब्रेक ऑइल तरी टाका. स्टेपनी त्याच साइझची हवी, आणि ती मागच्या दारावर असेल तर दाराच्या बिजागरीचा विचार करा.

चासीला बोल्ट केलेले पुढे-मागे रिकव्हरी पॉइंट, एक कायनेटिक रोप (ताणणारा ओढदोर), शॅकल (जोडकडी), कंप्रेसर आणि हवेचा गेज हे खरं तर लिफ्टच्याही आधी घ्यायला हवं. चिखलात हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवलीत तर मूळ टायरसुद्धा चकित करतो, साध्या रिमवर १५ च्या खाली मात्र नको, आणि डांबरावर चढायच्या आधी परत भरा. भाताची आवणी चालू असताना खाचरात किंवा बांधावर चाक घालायचं नाही, वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय नाही, हे पण तयारीतच धरा.

शेवटी, काम झाल्यावर शंभर किमीला आणि मग पाचशेला यू बोल्ट, चाकाचे नट, कंट्रोल आर्मचे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा आणि प्रत्येकावर पेंटची रेघ मारून ठेवा म्हणजे सैल झालेला नुसता बघून कळतो. २०२० नंतरच्या थारला ६५० मिमी पाण्यातून जायची क्षमता कंपनीने दिली आहे, लिफ्टने ती आपोआप वाढत नाही, म्हणून दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर पाइप बॉनेटच्या उंचीला आणून बांधा, आणि ओढ्यातून आल्यावर डिफचा प्लग उघडून तेल बघा, दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला.