छोट्या चरित्रांतून इटालियन शिकताय? या चुका टाळा

वर्तमानकाळ आणि रोजच्या बोलण्यातला भूतकाळ हाताशी आला, की इटालियनमधली थोरामोठ्यांची छोटी चरित्रं वाचायला घ्यावीत, असं मी आवर्जून सांगते. दीड-दोनशे शब्दांत अख्खं आयुष्य उलगडतं. घटना ओळीने येतात आणि जन्म, शिक्षण, प्रवास, लग्न, तुरुंग, मृत्यू यांचे तेच ते शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. तरीही पुष्कळ जण दुसऱ्या-तिसऱ्या चरित्रालाच थांबतात. ते कुठे अडतात, हे बहुतेक ठरलेलं असतं.

पहिलंच वाक्य बघा: ‘लेओनार्दो नाक्वे आ विंची नेल १४५२.’ यातला ‘नाक्वे’ लहान शब्दकोशात सहसा मिळत नाही, कारण मूळ क्रियापद ‘नाशेरे’, म्हणजे जन्मणे. चरित्रं ‘पास्सातो रेमोतो’ (दूरचा भूतकाळ) या काळात लिहिली जातात, आणि सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांत हा काळ शेवटी येतो किंवा येतच नाही. मग विद्यार्थी घाबरून त्याचे सगळे तक्ते पाठ करायला बसतात. ही चूक सगळ्यांत जास्त वेळ खाते. चरित्रात ‘मी’ नसतो, ‘तू’ नसतो. लागतात ती फक्त तृतीयपुरुषी रूपं, तो-ती आणि ते-त्या. तेवढीच शिका. ‘नाक्वे’ आलं की अनेकवचन ‘नाक्वेरो’, ‘विस्से’ (जगला) आलं की ‘विस्सेरो’. ‘फू’ (होता), ‘एब्बे’ (त्याच्याकडे होतं), ‘फेचे’ (केलं), ‘स्क्रिस्से’ (लिहिलं), ‘दिपिन्से’ (रंगवलं), ‘प्रेझे’ (घेतलं), ‘मोरी’ (वारला) अशी वीस-पंचवीस रूपं ओळखता आली, की बहुतेक छोटी चरित्रं वाचता येतात. प्रत्येक रूप मूळ क्रियापदासह वहीत उतरवा, नाहीतर शब्दकोश उघडूनही हाती काही लागणार नाही.

नियमित क्रियापदांत मात्र नजर शेवटच्या स्वरावर हवी. ‘पार्लो’ म्हणजे मी बोलतो. त्याच शब्दाच्या शेवटच्या ‘ओ’वर तिरकी रेघ आली आणि आघात तिथे गेला, की अर्थ होतो ‘तो बोलला’. ही रेघ नजरेतून सुटली तर चरित्रनायक मध्येच स्वतःची गोष्ट सांगू लागला, असं वाटतं. म्हणून मोठ्याने वाचा. आघात तोंडात बसला की डोळ्यालाही दिसतो.

वाचलेला काळ तसाच बोलण्यात आणणं ही उलट बाजूची चूक. मिलानमध्ये कालच्या जेवणाबद्दल पास्सातो रेमोतोत बोललात तर ते फार पुस्तकी वाटेल. तोस्काना आणि दक्षिण इटलीत हा काळ बोलण्यातही जिवंत आहे, पण शिकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये. चरित्र वाचून झालं की पुस्तक मिटा आणि तीच गोष्ट वर्तमानकाळात सांगा: ‘नाशे’ (जन्मतो), ‘स्तूदिया’ (शिकतो), ‘पार्ते’ (निघतो), ‘मुओरे’ (मरतो). इटालियनमध्ये इतिहास असा सर्रास सांगतात. आपणही ‘महाराज आग्र्याहून निसटतात’ असं म्हणतोच.

आता खास मराठी माणसाच्या चुका. आपल्याकडे ‘मारियाने शाळा काढली’ म्हणताना क्रियापद शाळेच्या लिंगाप्रमाणे चालतं. ती सवय इटालियनमध्ये शिरते आणि ‘मारिया आ फोन्दाता ला स्कुओला’ असं चुकीचं वाक्य तयार होतं. बरोबर रूप ‘आ फोन्दातो’. कर्म नंतर येत असेल तर हे रूप बदलत नाही. पण शाळेऐवजी ‘तिला’ या अर्थाचं सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं, तर मात्र ‘लाफोन्दाता’, अगदी मराठीसारखं! ‘ए नातो’ आणि ‘ए नाता’ हे ‘जन्मला’ आणि ‘जन्मली’सारखेच चालतात, त्यामुळे तिथे मराठी माणूस सहसा चुकत नाही.

दुसरी अडचण ‘सूओ’ आणि ‘सूआ’ची. ‘त्याचा नवरा’ की ‘तिचा नवरा’ हे मराठी स्पष्ट सांगते; इटालियनमध्ये रूप फक्त नवऱ्याच्या लिंगावर ठरतं. कातेरीना स्फोर्त्साच्या चरित्रात ‘सूओ मारीतो’ म्हणजे तिचा नवरा, जिरोलामो रिआरिओ. तिथे उगाच ‘त्याचा’ शोधत बसू नका.

‘वेन्ने’ हा शब्दही फसवतो. तो ‘आला’ असतो, पण ‘गालिलेओ वेन्ने प्रोचेस्सातो नेल १६३३’ इथे कोणी येत नाही. गालिलेओवर खटला चालवला गेला, एवढाच अर्थ. ‘वेन्ने’नंतर लगेच -आतो, -इतो, -उतो असं रूप आलं, की हा कर्मणी प्रयोग असेल का ते आधी बघा.

शतकांची गल्लत तर फारच होते. ‘क्वात्रोचेंतो’चा शब्दशः अर्थ चारशे, पण चरित्रात तो १४०० ते १४९९ चा काळ, म्हणजे आपलं पंधरावं शतक. ‘चिंक्वेचेंतो’ म्हणजे सोळावं. सालाआधी ‘नेल’ लावा, नुसतं ‘इन’ नको. राजे आणि पोप यांच्या नावापुढचे रोमन आकडे क्रमाने वाचा: वित्तोरिओ एमानुएले ‘सेकोन्दो’, ‘दुए’ नव्हे.

शेवटचं म्हणजे माणसाची निवड. बरेच जण थेट दान्तेपासून सुरू करतात आणि त्याच्या काळातल्या फिरेन्झेच्या (फ्लॉरेन्सच्या) गटबाजीत हरवतात. ज्याचं आयुष्य आधीच थोडं ठाऊक आहे, तो घ्या. मॅझिनी (१८०५–१८७२) महाराष्ट्राला जुना परिचित. सावरकरांनी केलेला त्याच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद १९०७ साली आला. गॅरिबाल्डीच्या गोष्टीत हालचाल भरपूर, म्हणून ‘पार्ती’ (निघाला), ‘स्बार्को’ (उतरला) अशी क्रियापदं पक्की होतात. मारिया मॉन्तेस्सोरीने १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालघर उघडलं आणि १९३९ मध्ये ती मद्रासला आली. तिचं चरित्र घेतलं की शाळा-शिक्षणाचे शब्द आपोआप येतात.

आणि फिलिप्पो सास्सेत्ती विसरू नका. फिरेन्झेचा हा व्यापारी १५८८ साली गोव्यात वारला. संस्कृत आणि इटालियनमधले सारखे शब्द त्याने पत्रांत टिपून ठेवले होते: सर्प आणि ‘सेर्पे’, देव आणि ‘दीओ’, सप्त आणि ‘सेत्ते’, नव आणि ‘नोवे’. त्याचं चरित्र आधी पास्सातो रेमोतोत वाचा, मग वर्तमानकाळात सांगा, आणि तिसऱ्यांदा ‘ए नातो’, ‘ए पार्तीतो’ अशा बोलीतल्या भूतकाळात लिहून काढा.