डिस्क बर्न करण्यासाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे

लग्नाचे चित्रण, गड्ड्याच्या यात्रेतील अक्षता सोहळा किंवा भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण सोलापुरातील अनेक घरांना अजूनही डिस्कवरच हवे असते, कारण वडीलधाऱ्यांच्या टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर असतो आणि जुन्या मोटारीत सीडीच चालते. त्यासाठी सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते, असे विचारणाऱ्याने आधी ती डिस्क कोणत्या यंत्रात लावली जाणार आहे हे ठरवावे. तेवढे ठरले की निवड निम्म्याहून अधिक सोपी होते.

डिस्क केवळ संगणकावर उघडायची असेल, तर वेगळ्या सॉफ्टवेअरची गरजच नाही. विंडोजमध्ये कोरी डिस्क घातल्यावर दोन पर्याय समोर येतात. त्यांपैकी ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ हा पर्याय सोयीचा वाटला तरी त्या पद्धतीने लिहिलेली डिस्क बाहेरच्या प्लेअरमध्ये बहुधा वाचली जात नाही, म्हणून दुसऱ्याला द्यायच्या डिस्कसाठी ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर’ हाच पर्याय निवडावा. मात्र या दुसऱ्या पर्यायानेही फाइलचे रूपांतर होत नाही, हे ध्यानात ठेवावे. मोबाइलवरील एमपी४ फाइल जशीच्या तशी डिस्कवर टाकली, तर ती डेटा डिस्कच, म्हणजे नुसत्या फाइल साठवलेली डिस्क, राहते आणि साधा डीव्हीडी प्लेअर ती नाकारतो. दुकानातून आणलेली डिस्क घरी चालली नाही अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा पुष्कळदा कारण हेच निघते.

ऑडिओ सीडीचा प्रकार तुलनेने सरळ आहे. मूळ गाणी एमपी३ असली तरी सॉफ्टवेअर ती ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट या स्वरूपात उलगडून लिहिते. त्यामुळे फाइल कितीही लहान असली तरी सीडीवर सुमारे ८० मिनिटेच बसतात. मोटारीतील प्लेअरवर एमपी३ असे छापलेले असेल, तर त्याच फाइल डेटा सीडी म्हणून लिहाव्यात, म्हणजे १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) हिशेबाने ७०० एमबीमध्ये १२ तासांहून अधिक ध्वनिमुद्रण मावते. विंडोजसाठी मोफत मिळणारे सीडीबर्नरएक्सपी ही दोन्ही कामे करते. कीर्तनाचे सलग मुद्रण तुकडे करून ट्रॅकमध्ये लावले असेल, तर ट्रॅकमधील अंतर शून्य ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे की नाही, हे अवश्य पाहावे. एरवी दर तुकड्यानंतर दोन सेकंदांची शांतता येते आणि ऐन रंगात आलेला अभंग मध्येच तुटतो. सीडीबर्नरएक्सपीमध्ये ही सोय आहे. लिनक्स वापरणाऱ्यांना के३बी किंवा ब्राझेरो पुरेसे आहे.

खरी कसोटी लागते ती टीव्हीवर चालणाऱ्या डीव्हीडीसाठी. इथे दोन कामे असतात आणि ती दोन्ही एकच सॉफ्टवेअर करील असे नाही. पहिले काम ऑथरिंगचे, म्हणजे चित्रणाचे एमपीईजी-२ या डीव्हीडी प्लेअरला कळणाऱ्या स्वरूपात रूपांतर करून, मेन्यू व प्रकरणे जोडून ‘व्हिडिओ_टीएस’ हे फोल्डर तयार करण्याचे. दुसरे काम ते फोल्डर डिस्कवर लिहिण्याचे. इम्गबर्न हे नावाजलेले मोफत सॉफ्टवेअर दुसरे काम उत्तम करते, परंतु व्हिडिओचे रूपांतर करत नाही, आणि त्याची शेवटची आवृत्ती २०१३ सालची आहे. पहिल्या कामासाठी डीव्हीडीस्टायलर घ्यावे: ते मोफत व मुक्तस्रोत असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. नवा प्रकल्प सुरू करताना आपल्याकडच्या टीव्हीसाठी पाल, म्हणजे ७२० × ५७६ आणि सेकंदाला २५ चौकटी, हे मानक निवडावे. ज्या घरांत मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते आणि चित्रणाचे निवेदन दोन भाषांत केलेले असते, तिथे डीव्हीडीस्टायलरचा आणखी एक उपयोग आहे, तो असा की एका चित्रणाला दोन ध्वनिट्रॅक जोडून प्लेअरच्या रिमोटवरून भाषा बदलता येते.

किती वेळाचे चित्रण बसवावे, याचा हिशेब सॉफ्टवेअरवर सोडू नये. साध्या एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असते, जी विंडोजमध्ये ४.३८ जीबी अशी दिसते. चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला ५ मेगाबिट धरले, तर दोन तास बसतात. हळदीपासून वरातीपर्यंतचे तीन तास एकाच डिस्कवर कोंबायचे ठरवले, तर हा दर सुमारे साडेतीन मेगाबिटपर्यंत खाली येतो आणि नाचणाऱ्यांच्या गर्दीत चित्राचे चौकोन दिसू लागतात. अशा वेळी दोन डिस्क कराव्यात, किंवा ८.५ जीबीची दुपदरी डिस्क घ्यावी; मात्र जुने प्लेअर घरी लिहिलेल्या दुपदरी डिस्कवर अडखळतात, त्यामुळे माझा कल दोन साध्या डिस्ककडेच आहे.

पैसे देऊन घ्यायच्या निरोसारख्या संचांत मेन्यूचे तयार नमुने अधिक असतात. ज्याचा व्यवसायच चित्रीकरणाचा आहे त्याला ते परवडेल. घरच्या चार-पाच डिस्कसाठी हा खर्च मला अनाठायी वाटतो. मोफत सॉफ्टवेअर मात्र त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावे आणि इन्स्टॉल करताना सोबत येणाऱ्या नको त्या गोष्टींच्या खुणा काढून टाकाव्यात.

सॉफ्टवेअरमध्ये लिहून झाल्यावर पडताळणी करण्याची, म्हणजे ‘व्हेरिफाय’ची सोय असलीच पाहिजे. लिहिण्याचा वेग कमाल न ठेवता मधला ठेवावा आणि यूपीएस नसलेल्या संगणकावर वीज जाण्याच्या वेळी हे काम हाती घेऊ नये, कारण अर्ध्यावर थांबलेली डीव्हीडी-आर पुन्हा वापरता येत नाही. डीव्हीडीस्टायलरला थेट डिस्क न लिहिता आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रतिमा, तयार करण्यास सांगावे. त्या फाइलवरून इम्गबर्नने आधी एक पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क तयार करून घरच्या प्लेअरमध्ये मेन्यूसह चालवून पाहावी आणि मगच नातेवाइकांसाठीच्या प्रती काढाव्यात. डीव्हीडीवर चित्राचा दर्जा उतरलेला असतो, म्हणून कॅमेऱ्यातील मूळ फाइल हार्ड डिस्कवर वेगळ्या ठेवाव्यात.