मेलेल्या एचआयव्हीची लस करायची तर सुरुवात कुठून?

दरवर्षी मायक्रोबायोलॉजीचं एखादं पोरगं विचारतंच, पोलिओचा व्हायरस मारून लस झाली, कोव्हॅक्सिन पण तशीच, मग एचआयव्ही मारायला काय प्रॉब्लेम आहे? सेमिनारला हा विषय घेतला असेल तर प्लॅन असा लावा (कागदावरच हं, खरा व्हायरस बीएसएल-३ म्हणजे कडक सुरक्षेच्या लॅबमध्ये).

आधी ठरवा मारणार कशाने. नुसतं मारणं सोपंय, एचआयव्ही तसा नाजूकच, पण गोम अशी की त्याच्या अंगावर जीपी१२० नावाच्या प्रोटीनचे काटे असतात, लसीने अँटीबॉडी तयार व्हायला हव्यात त्या या काट्यांविरुद्ध, आणि फ्लूच्या व्हायरसवर हे शेकड्यांनी असतात तर इथे सरासरी जेमतेम १४, तेही सैल बसलेले, प्युरिफाय करतानाच गळून पडतात. उरलेल्यांना उष्णता नाहीतर फॉर्मालिन जास्त लागलं की त्यांचा आकार बिघडतो. पोलिओची लस करणाऱ्या जोनास साल्कनी सुरू केलेल्या रेम्यून या मेलेल्या एचआयव्हीच्या लसीमध्ये तर जीपी१२० नव्हतंच, ती आधीच इन्फेक्शन झालेल्यांना द्यायची होती, फायदा दिसेना म्हणून १९९९ ला मोठी ट्रायल थांबवली.

म्हणून एटी-२ नावाचं केमिकल बघा. ते आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रोटीनमधलं (व्हायरसच्या आरएनएला चिकटून असणारं) झिंक सोडवतं, मग व्हायरस पेशीला चिकटतो, आतही शिरतो, पण आरएनएचा डीएनए करणं त्याला जमत नाही. खवट नारळ कसा, शेंडी जागेवर, करवंटी टणक, आत खोबरं बाद, तसं.

आता सगळ्यात डोकं खाणारं काम, सगळे मेलेत हे सिद्ध करायचं. १९५५ ला अमेरिकेत पोलिओ लसीच्या काही बॅचमध्ये जिवंत व्हायरस राहिला, २०० च्या आसपास लोकांना लकवा झाला, १० दगावले. एचआयव्ही तर पेशीच्या डीएनएमध्येच घुसून बसतो, एखादा जरी वाचला तरी रिस्क जन्मभराची. त्यामुळे एकाच उपायावर विसंबू नका. कॅनडात संशोधक चिल-योंग कांग यांनी एसएव्ही००१ या आपल्या लसीतल्या एचआयव्हीला आधी नेफ जीन (रोग वाढवायला मदत करणारा) काढून लंगडं केलं, मग एटी-२, वर गॅमा रेडिएशन. शिवाय व्हायरस भरपूर पिकावा म्हणून त्यात मधमाशीच्या विषातल्या प्रोटीनचा एक तुकडा घातलाय, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा चेक केलं होतं! २०१२-१३ ची पहिली ट्रायल इन्फेक्शन असलेल्यांवरच झाली, गंभीर त्रास नाही, अँटीबॉडी वाढल्या, पण निरोगी माणसाचा बचाव होतो का हे त्यातून कळत नाही.

आणि कंट्रोल ग्रुप विसरलात तर मेलात. माकडांवर मेलेल्या एसआयव्हीची (एचआयव्हीचा माकडांमधला भाऊबंद) लस आधी झकास चालली होती, सगळे खूश, मग १९९१ ला कळलं की ज्या माकडांना व्हायरस न घालता नुसत्या मानवी पेशी टोचल्या होत्या त्यातलीही काही इन्फेक्शनपासून वाचली. व्हायरस मानवी पेशीत वाढवलेला, बाहेर पडताना त्यांचंच पांघरूण घेऊन आलेला, माकडाचं शरीर चिडलं ते त्या पांघरुणावर! म्हणून एका ग्रुपला व्हायरस नसलेल्या त्याच पेशींचा, तसाच प्रोसेस केलेला माल टोचायचा, आणि लसवाल्यांचा रिझल्ट त्यांच्याशी लावून बघायचा, कोरं सलाईन दिलेल्यांशी नाही.