सायन्स एक्झिबिशनसाठी नॉटिलसचं मॉडेल, पुठ्ठ्याचं आणि बरोबर

नागपुरात शाळांची एक्झिबिशनं जवळ आली की नॉटिलसचं, म्हणजे गुंडाळलेल्या, कप्प्याकप्प्यांच्या शिंपल्यात राहणाऱ्या समुद्री प्राण्याचं, मॉडेल कसं करायचं विचारतात, म्हणून नीट लिहून ठेवतो. विषय नवा हवा असेल तर जानेवारी 2023 मध्ये ग्रेगरी बारोर्ड या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी झूकीज या प्राणिशास्त्राच्या जर्नलमध्ये नोंदवलेल्या तीन नव्या जाती घ्या, सामोआएन्सिस, व्हिटिएन्सिस, वानुआटुएन्सिस, म्हणजे अमेरिकन सामोआ, फिजी आणि वानुआटूच्या.

बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, जाड पुठ्ठा आणा. मध्ये टिंब, त्यातून 30-30 अंशांवर 12 रेघा काढा. पहिल्या रेघेवर 1.5 सेमीवर खूण, मग पुढच्या प्रत्येक रेघेवर आधीच्या मापाला 1.1 ने गुणायचं, 1.65, 1.8 असं, दोन पूर्ण फेऱ्या झाल्या की 15 सेमीच्या आसपास पोचता, खुणा हाताने गोलसर जोडा. इथेच सगळे चुकून राहिले ना भाऊ, नेटवरचा गोल्डन रेशोवाला स्पायरल चिकटवतात, तो एका फेरीत जवळपास सातपट वाढतो आणि नॉटिलस फक्त तीनपटच्या आसपास, त्यामुळे तो शिंपला नॉटिलसचा दिसतच नाही.

आता बाहेरच्या फेरीतल्या शेवटच्या चार रेघा मोकळ्या सोडा, प्राणी तिथे राहतो. बाकी प्रत्येक रेघेवर पातळ कार्डशीटचा पडदा उभा चिकटवा, पडद्याचं पोट, म्हणजे फुगीर बाजू, मागे, जुन्या कप्प्याकडे. खऱ्या मोठ्या नॉटिलसला 30 च्या वर कप्पे असतात, आपल्याला एवढे पुरे. पडद्यांच्या मधोमध भोक पाडून लाल लोकर ओवा, ही सायफंकलची नळी, हीच मॉडेलचा जीव आहे: नवा कप्पा आधी पाण्याने भरलेला असतो, नळी ते हळूहळू शोषते, जागी वायू येतो आणि प्राणी तरंगतो. परीक्षक हेच विचारतात.

पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला बाहेरचं रूप रंगवा, बाहेरून फक्त शेवटची फेरी दिसते, आतली झाकलेली असते. लालसर तपकिरी पट्टे वरच्या भागाला, खालचा पांढरा. पट्टे अंदाजाने नको, झूकीजमधला तो पेपर फुकट वाचता येतो, फोटो बघूनच काढा, कारण जाती ओळखताना शिंपल्यावरची नक्षीही बघितली जाते. तोंडाशी नव्वदेक बारीक हात, त्यांना ऑक्टोपससारखी चिकटणारी चूषकं नाहीत, आणि डोळ्यात भिंग नाही, नुसतं भोक.

खरा शिंपला विकत घेऊन ठेवू नका. नॉटिलस पोम्पिलियस आपल्याकडे 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत, घातला, आणि हा प्राणी वयात यायलाच दहाच्या वर वर्षं घेतो.