एमजीबीची मागची लाईट: वायर कापायच्या आधी अर्थिंग बघा

संभाजीनगर असो की लातूर, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार ऑटो इलेक्ट्रिशियनकडं नेली की तो पहिल्यांदा काय करतो तर जुन्या वायरी कापून हाती लागेल त्या रंगाची नवीन वायर ओढतो, आणि पुढच्या माणसाच्या डोक्याला कायमचा ताप होतो. तसं करू देऊ नका भाऊ. गाडीवर वायरच्या रंगातच सगळा नकाशा दिलेला असतो.

मी एमजीबीचं सांगायलोय, एमजी कंपनीची ही स्पोर्ट्स कार, 1962 ते 1980 पर्यंत बनलेली, पण त्या काळातल्या ट्रायम्फ या ब्रिटिश कारलाही बहुतेक हेच रंग. नुसती लाल म्हणजे टेललाईट न् नंबरप्लेटचा बल्ब. हिरव्यावर जांभळी पट्टी ब्रेकलाईटची, हिरव्यावर लाल पट्टी डाव्या इंडिकेटरची, हिरव्यावर पांढरी उजव्याची. काळी म्हणजे अर्थ, करंटला बॉडीतून बॅटरीकडं परत जायची वाट. धुळीनं न् तेलानं सगळ्या वायरी एकाच रंगाच्या दिसत असतील तर हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, टेप बोटभर सोला, आत रंग ताजा असतो.

काम सुरू करायच्या आधी बॅटरीची वायर काढा. सीटच्या मागं झाकणाखाली मूळ 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, आता बहुतेकांनी 12 ची एकच टाकलेली असते. 1967 पर्यंतच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ होता, म्हणजे बॉडीला प्लस. साध्या बल्बला उलटसुलट काही फरक पडत नाही पण एलईडी टाकणार असाल तर लई पडतो, म्हणून कोणतं टर्मिनल बॉडीला गेलंय ते आधी बघून घ्या.

आता मुख्य भानगड. इंडिकेटर दिला की टेललाईट पण लुकलुकायलीय, ब्रेक दाबला की सगळंच मिणमिण करायलंय, असं असेल तर दहातल्या नऊ वेळा अर्थ गेलेला असतो. करंटला बॉडीत जायला वाट मिळत नाही मग तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. बॅटरी परत जोडा, एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या अर्थवाल्या टर्मिनलला, दुसरं लाईटच्या होल्डरच्या पत्र्याला लावा. लख्ख पेटली? मग वायरिंगला हात लावूच नका. डेंटिंग-पेंटिंगवाले स्क्रूच्या जागेवर पण रंग मारून ठेवतात, तिथं पॉलिश पेपरनं चकाकी येईपर्यंत घासा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) कसा, वरून थोडं ग्रीस. मी तर प्रत्येक लाईटला वेगळी काळी वायर टाकतो, स्क्रूच्या भरवशावर राहत नाही.

यानंतरही लागत नसेल तर डिक्कीतले बुलेट कनेक्टर, म्हणजे दोन वायरी नळीत खुपसून जोडायचे गोळीसारखे जोड, ओढून बघा. आतली नळी हिरवी-पांढरी पडली असेल तर नवीन घाला, नुसतं घासून महिनाभर चालतं न् परत बोंब. वायर बदलायचीच झाली तर 1 स्क्वेअर एमएमची ऑटो वायर घ्या, घरच्या फिटिंगची नको, आणि रंग जुळत नसेल तर टोकाला त्या रंगाची टेप तरी गुंडाळा.

टेल न् ब्रेकचा बल्ब एकच असतो, 12 व्होल्ट 21/5 वॅटचा, दोन फिलामेंटवाला. मोटरसायकलच्या दुकानात मिळून जातो. त्याच्या दोन पिना वरखाली असतात त्यामुळं तो एकाच बाजूनं बसतो, जोर लावून उलटा बसवला की दिवसभर ब्रेकलाईट पेटल्यासारखी दिसते न् मागचा माणूस वैतागतो.

फ्यूजचं एक लक्षात ठेवा. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं, पण ते उडायचं माप आहे, सतत तो 17 अँपिअरच झेपतो. आपल्याकडच्या दुकानातला 35 चा फ्यूज टाकला तर तो उडायच्या आधी वायर जळते, म्हणून 15 किंवा फार तर 20 चा टाका.

आणि मागं एलईडी टाकून इंडिकेटर लुकलुकायचा बंद झाला तर घाबरू नका, जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, बल्बच्या लोडवर चालतो, त्याला लोडच मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाला, फक्त पॉझिटिव्ह अर्थची गाडी असेल तर दुकानदाराला तसं आधी सांगून घ्या.